हलका दिवस दुपारी हातातून निसटतो

प्रश्न थोडक्यात असा: एकट्याने २,००० किलोमीटरची सायकलसफर, हातात २५ दिवस. आठ दिवस झालेत, रोजची सरासरी ९० किलोमीटर. दोनदा ‘आज हलका दिवस’ म्हणून निघालो आणि दोन्ही वेळा संध्याकाळी मीटर पाहिला तर नेहमीइतकंच अंतर. दिवसभर नुसतं पडून राहावं असंही मनात आलं, पण मागच्या सफरीत पूर्ण सुट्टीनंतरच्या सकाळी पाय दगडासारखे झाले होते. मग हलका दिवस घ्यायचा कसा, आणि घ्यायलाच हवा का?

घ्यायलाच हवा. कसा, ते आधी एका दमात सांगतो: मुक्काम आदल्या रात्री ठरवा, तो नेहमीच्या निम्म्याहून कमी अंतरावर ठेवा, आणि तिथे पोचलात की सायकलवरचं सामान उतरवून टाका. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक जण करतात. तिसरी राहून जाते आणि दिवस तिथेच निसटतो.

कसा निसटतो ते बघा. सकाळी पाय भरून आलेले असतात, त्यामुळे ‘आज पस्तीसच’ हे मनापासून पटलेलं असतं. पहिले पाच-सात किलोमीटर मांड्या कुरकुरतात. मग अंग गरम होतं, श्वास बसतो, आणि साडेदहा-अकराला ठरलेल्या जागी पोचता तेव्हा आठवड्याभरात वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत असतं. वाटणारच. दोन तास हळू सायकल चालवली की कोणालाही बरं वाटतं, त्यासाठीच तर ती हळू चालवली. पण औषधाचा गुण आला म्हणून रोगी लगेच कुस्तीला उतरत नाही. आपण मात्र उतरतो.

बरोबर कोणी असेल तर त्या दुसऱ्याचा आळस आपल्याला वाचवतो. तो म्हणतो, ‘बास, इथेच टेकू.’ एकट्याच्या सफरीत हे म्हणणारं कोणी नसतं. उलट डोक्यात हिशेब सुरू होतो: ‘तीस किलोमीटर आजच काढून ठेवले तर उद्या तेवढे कमी.’ इतकी वर्षं सायकल चालवतोय, पण उद्याच्या दिवसातून ते तीस मी एकदाही वजा केलेले नाहीत. उद्या आला की तोही पूर्ण लांबीचाच होतो.

माझाच एक दिवस सांगतो. एका लांबच्या सफरीतला नववा दिवस, ठरवले होते ४० किलोमीटर. पावणेअकराला पोचलो. राहायची खोली बाराशिवाय मिळणार नव्हती. सव्वा तास काय करायचं, म्हणून नकाशा उघडला. वारा पाठीला होता. पुढचा मुक्काम २५ किलोमीटरवर दिसत होता, पुन्हा टांग मारली. तिथे राहायची सोय बंद निघाली. त्यापुढच्या ठिकाणी पोचेपर्यंत दिवसाचे १०४ झाले आणि शेवटचे पंधरा अंधारात, चढावर, वैतागत काढले. दुसऱ्या दिवशी पेडल दाबलं की उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ यायची. पुढचे तीन दिवस जेमतेम पन्नास-पन्नास झाले. म्हणजे ६४ किलोमीटर मिळवले आणि १२० घालवले. त्या दिवशी चूक पायांनी केली नव्हती. रिकाम्या सव्वा तासाने केली होती.

म्हणून माझा पहिला नियम वेळेचा आहे: हलक्या दिवशी उशिरा निघायचं. गजर लावायचा नाही, जाग येईल तेव्हा उठायचं, सावकाश खायचं आणि खोली किंवा तंबूची जागा ज्या वेळी मिळणार त्या वेळी पोचता येईल असं निघायचं. प्रवासात झोपेची उधारी वाढत गेलेली असते आणि हलक्या दिवसाचा निम्मा फायदा या दीड-दोन तासांच्या जादा झोपेतच आहे असं माझं मत आहे. ऊन कडक असेल तर अर्थात लवकर निघावंच लागतं. मग पोचल्यावर सावलीची जागा कोणती, हे आधी माहीत हवं. पोचलात की पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, कॅरिअरवरून काढा, कपडे धुवायला टाका. ओले कपडे आणि पसरलेलं सामान पुन्हा गोळा करून निघायचा कंटाळा येतो. एकट्या माणसाला थोपवायला हा कंटाळा फार कामाला येतो.

आता अंतर किती? किलोमीटर विचारू नका, तास विचारा. सीटवरचे दोन, फार तर अडीच तास. सपाटीवर, वारा नसताना, सामानासकट हे ३० ते ४० किलोमीटर होतात. समोरून वारा असेल तर वीसच होतील, आणि तेही बरोबरच आहे. हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे समोरच्या वाऱ्यात ‘ठरलेला वेग’ राखायला गेलात तर अंतर कमी असूनही दिवस हलका राहत नाही.

चढाचं तर विचारूच नका. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरू. ५ टक्के चढावर ताशी ८ किलोमीटरने जायचं तर नुसतं ते वजन वर उचलायला साधारण ११० वॉट लागतात, टायरच्या घर्षणाचे दहा-पंधरा वेगळे. बऱ्याच हौशी चालकांसाठी एवढ्यावरच ‘हलकं’ची हद्द संपते. म्हणजे रमतगमत जातोय असं वाटत असतानाही पाय पूर्ण पगाराचं काम करत असतात. पुढे २२ दात्यांची चकती आणि मागे ३४ असेल तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी पाच किलोमीटरच्या आसपास वेग पडतो. एवढ्या हळू जायची तयारी असेल तर छोटासा चढ चालेल. नाहीतर हलका दिवस घाटाच्या अलीकडे संपवा. पलीकडे उतरून मग थांबू, हा बेत ऐकायला छान असतो आणि तिथेच फसायला होतं.

चालवायचं कसं, हे एकट्यासाठी थोडं अवघड आहे, कारण नेहमीची कसोटी ‘बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे’ ही असते. मी स्वतःशीच मोठ्याने बोलतो. डावीकडे काय दिसतंय, उजवीकडे काय, आज संध्याकाळी काय करायचं. वाक्य मध्ये तुटलं, श्वासासाठी थांबावं लागलं, की एक गिअर खाली. रस्त्यावर कोणी पाहिलं तर वेडा समजतील, समजू देत. दुसरी खूण म्हणजे नाकाने श्वास पुरला पाहिजे. पाय मिनिटाला ८० ते ९० फिरू देत, पण पेडलवर जोर जाणवता कामा नये. मीटरवरचा वेग दिसणार नाही असा पडदा लावा किंवा वर चिकटपट्टी लावा; मला तरी तो आकडा समोर असला की राहवत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा: पूर्ण सुट्टी की हलकं चालवणं? ‘सुट्टीनंतर पाय दगडासारखे’ हा अनुभव खूप जणांचा आहे. व्यावसायिक स्पर्धकही तेच सांगतात. टूर द फ्रान्स या मोठ्या सायकलशर्यतीत हल्ली सहसा २३ दिवसांत २१ टप्पे असतात आणि सुट्टीचे दोनच दिवस. त्या दोन दिवसांतही बहुतेक जण तास-दोन तास हळू सायकल चालवून येतात. १९०३ साली पहिली टूर झाली तेव्हा मात्र सगळे मिळून सहाच टप्पे होते, पहिलाच ४६७ किलोमीटरचा, आणि बहुतेक टप्प्यांच्या मध्ये काही दिवसांची विश्रांती. तुमची सफर या दोन्हींसारखी नाही. पण रोज मध्यम अंतर कापणाऱ्याला आधुनिक पद्धत जास्त जवळची आहे: शरीराला रोजच्या फिरण्याची सवय झालेली असते, ती एकदम तोडायची नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो सारखा ऐकू येतो. हलकं चालवल्याने ‘पायात साठलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं’ म्हणून बरं वाटतं, असं नाही. जोराच्या व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट (त्या ॲसिडचंच शरीरातलं रूप) तास-दीड तासात आपोआप पूर्ववत होतं. रात्रभर ते पायात बसून राहत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं कारणही ते नाही. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं आणि त्याचा जोर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असतो. हलकं चालवण्याने रक्त खेळतं, आखडलेले सांधे मोकळे होतात, भूक लागते, झोप लागते. एवढं पुरेसं आहे.

खरी भर जेवणातून पडते. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा नीट भरायला पुरेसं खाऊनही साधारण २४ तास लागतात. रोज ९० किलोमीटर मारणारा माणूस रात्री जेवतो आणि सकाळी पुन्हा निघतो, म्हणजे साठा पूर्ण भरायच्या आतच पुन्हा उपसा सुरू. आठ दिवस हे चाललं की पाय जड होणार नाहीत तर काय? हलक्या दिवशी उपसा कमी आणि भरणा जास्त होतो. म्हणून या दिवशी ‘आज काम कमी, मग जेवणही कमी’ असं करू नका. वजनाच्या दर किलोला ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं हा अशा दिवसाचा ढोबळ हिशेब. ७० किलोच्या माणसाला ३५० ते ४९० ग्रॅम. एका बैठकीत हे जात नाही, दिवसभर थोडं थोडं खात राहावं लागतं. दुपारी झोपून उठल्यावर परत भूक लागली तर लाजू नका.

मग पूर्ण सुट्टी कधी? माझ्या चार खुणा आहेत. सकाळी अंथरुणातच, उठायच्या आत, अर्धा मिनिट नाडी मोजून दुप्पट करायची. ही सवय सफरीच्या पहिल्या दिवसापासून लावली तर आपला नेहमीचा आकडा कळतो. तो लागोपाठ दोन दिवस आठ-दहाने वर असेल, तर सायकल नाही. ताप, जुलाब असतील तर सायकल नाही. सीटवर बसण्याच्या जागी कातडी सोलली असेल किंवा गळू धरत असेल, तर दोन तासही नाहीत; ती जागा कोरडी आणि दाबाशिवाय राहिली तरच बरी होते. आणि सांध्याचं किंवा शिरेचं दुखणं. मांडीचा स्नायू दुखतोय आणि गुडघा दुखतोय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्नायू हलक्या फिरण्याने सैल होतो, गुडघा किंवा टाचेवरची शीर हलक्या फिरण्यानेही चिडते. गुडघा पुढून दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते, मागून दुखत असेल तर वर. चार-पाच मिलिमीटरच हलवा आणि पुढचा दिवस बघा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडलवर तळव्याच्या कडेला मज्जातंतू दाबला जातोय. हाताची जागा बदलत राहा आणि हँडल थोडं वर घ्या. हे पुढे ढकलू नका, मी ढकललं होतं आणि सफर संपल्यावरही तीन आठवडे शर्टाची बटणं लावताना त्रास व्हायचा.

दुपारची गोष्ट. पुष्कळ जण हलका दिवस दुरुस्तीचा दिवस करून टाकतात. सकाळी दोन तास चालवायचं आणि मग चार तास उकिडवं बसून सायकल खोलायची, यात विश्रांती कुठे आली? मी एक तास देतो, तोही झोपून उठल्यावर. पहिलं काम चड्डीचं: आतलं पॅड उलटं करून धुवायचं, साबण पूर्ण काढायचा, पॅडची बाजू वर ठेवून उन्हात कडकडीत वाळवायची. सायकलीआधी हे, कारण सायकल बिघडली तर दुकान सापडतं, कातडी बिघडली तर नाही.

मग चेन. कापडाने पुसायची आणि पट्टी लावून मोजायची. चेनच्या प्रत्येक दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं, म्हणून पट्टीचा शून्य एका पिनेच्या मधोमध धरला की नव्या चेनमध्ये बारा इंचांच्या रेघेवर बरोबर तिच्यापुढची चोविसावी पिन येते. पेडल किंचित दाबून चेन ताणून धरायची, नाहीतर माप चुकतं. ती पिन रेघेच्या इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर पुढच्या मोठ्या ठिकाणी चेन बदला. आठवा भाग पुढे असेल तर मागच्या कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचे, दातेही झिजलेत. नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरत राहील. मापून झालं की प्रत्येक कडीच्या जोडावर तेलाचा एक थेंब, पेडल उलटं फिरवत, दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि वरचं सगळं पुसून काढायचं. वर राहिलेलं तेल धूळ धरतं, बाकी काही करत नाही.

शेवटी मागचं चाक. सामान त्याच्यावर असतं आणि तारा बहुतेक वेळा तिथेच तुटतात. चाक उचलून प्रत्येक तार बोटाने छेडायची. एका बाजूच्या तारा साधारण एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी ‘ठप्प’ वाजली तर ती सैल आहे. अर्धा वळसा घट्ट करा आणि चाक फिरवून रिम ब्रेकपाशी डोलत नाही ना ते बघा. टायरमध्ये रुतलेले काचेचे, तारेचे तुकडे टोकदार काहीतरी घेऊन उकरून काढा. उद्याची दोन पंक्चर तिथे बसलेली असतात. झाला तास. हात धुवा.

एकट्याच्या हलक्या दिवसाचं एक दुखणं कोणी आधी सांगत नाही. दुपारी तीन-चारच्या सुमारास एकदम ओकंबोकं वाटतं. रोज या वेळी आपण चढाशी, वाऱ्याशी भांडत असतो, आणि आज भांडायला कोणी नाही. मग घरची आठवण, ‘कशाला निघालो’, सगळं एकदम येतं. पहिल्यांदा मला वाटलं होतं सफरच सोडून द्यावी. हलक्या दिवशी घेतलेले मोठे निर्णय मी आता दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर झाल्याशिवाय पाळत नाही. घरी फोन याच वेळेला ठेवतो. तसाही तो करायचाच असतो, कारण आज मुक्काम अलीकडे आहे हे कोणाला तरी माहीत हवं. नेहमीच्या ठिकाणी पोचला नाही म्हणून त्यांची धावपळ नको. आणि पायी एक चक्कर मारतो, अर्धा तास, साध्या चपलेत. सायकलवर आठ दिवस वाकलेल्या पाठीला सरळ चालणं हवंच असतं.

कमी अंतर झालं म्हणून तुम्हाला अपराधी वाटत असणार, सगळ्यांनाच वाटतं. दोन आकडे शेजारी ठेवून बघा. मार्क ब्यूमाँट या स्कॉटिश सायकलपटूने २०१७ मध्ये ७८ दिवस, १४ तास, ४० मिनिटांत सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, सुमारे २९,००० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ३७० च्या आसपास. त्याच्यामागे सामान वाहणारं, खायला घालणारं पथक होतं. दुसरीकडे हाइन्झ श्टुके हा जर्मन गृहस्थ १९६२ मध्ये निघाला आणि पन्नासहून अधिक वर्षं जगभर सायकलवर फिरत राहिला, सहा लाखांहून अधिक किलोमीटर. वर्षांनी आणि दिवसांनी भागलं तर रोजचे तीस-पस्तीस पडतात. म्हणजे तुमचा हलका दिवस ही त्याची आयुष्याची सरासरी.

तुमचा हिशेब मांडून देतो. ८ दिवसांत ७२० झाले. उरले १७ दिवस आणि १,२८०. त्यात १३ दिवस ९० चे धरले तर १,१७०. तीन हलके दिवस ३५ चे, १०५. एक पूर्ण सुट्टी, शून्य. बेरीज १,२७५. पाच किलोमीटर उरतात, ते कुठेही बसतील. म्हणजे रोजचा टप्पा न वाढवता तीन हलके दिवस आणि एक सुट्टी तुमच्याकडे आत्ताच शिल्लक आहेत. ते चोरून घ्यायची गरज नाही. पहिला हलका दिवस उद्याच घ्या, मग दर चार-पाच दिवसांनी एक. सुट्टी मात्र तारखेला बांधू नका. ती पाऊस, ताप नाहीतर गुडघा यांच्यापैकी कोणीतरी मागेलच.

आणि परवा सकाळी पाय लगेच हलके झालेले नसले तर घाबरू नका. पहिले दहा किलोमीटर मोजूच नका. मग बरं वाटू लागलं की कालचे ५५ भरून काढायची खुमखुमी येईल. ते वरच्या बेरजेत आधीच धरलेले आहेत.